चार मिनिटांच्या तबकड्या



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मध्यंतरी गुडघ्याने दगा दिला, त्यातून उठते न उठते तोच दिवाळी आली. परवा पुतणीचा फोन आला, "आत्या, तुझा ब्लॉग झोपला की काय?" म्हटलं, झोपला नाही गं, पेंगतोय. तर आज जरा लांबलचक लिहिणार आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या वर्षी एप्रिल ते जून मी लेकीकडे होते, न्यू जर्सीत, एडिसन नावाच्या गावी. आपल्या लोकांना हे गाव माहीत असतं ते तिथल्या साड्यांच्या आणि डोशाच्या दुकानांमुळे. मला मात्र त्या नावाचं कौतुक वाटत होतं. विजेच्या दिव्याचे एडिसनसाहेब ते हेच. या गावाला त्यांचं नाव १९५४ साली दिलं. त्याच गावातल्या मेन्लो पार्क भागात त्यांची प्रयोगशाळा होती, आणि १८७७ साली माणसाचा आवाज पकडून पुन्हा ऐकवणारं पहिलं यंत्र तिथेच तयार झालं. आता तिथे एक उंच मनोरा आहे आणि त्याच्या डोक्यावर भला मोठा दिवा. जावयांनी मुद्दाम गाडी वळवून नेलं. सगळे दिव्याकडे बघत होते. मी मात्र विचार करत होते की या जागेपूर्वी जगात जे जे कोणी गायलं, बोललं, ते सगळं गेलं. तानसेन गेला, तुकोबांचं कीर्तन गेलं. उरलं ते फक्त कागदावर.

नात शाळेच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवते. त्या वर्षी त्यांनी चायकॉव्स्की या रशियन संगीतकाराच्या चौथ्या सिंफनीचा शेवटचा भाग बसवला होता, मुलांसाठी सोपा केलेला. रोज संध्याकाळी तीच तीच धून. "आजी, तुला कंटाळा येत असेल ना?" म्हटलं, कंटाळा नाही, पण मला एवढं सांग, हे सर्वांत आधी रेकॉर्ड कुणी केलं? छत्तीस वर्षं इतिहास शिकवलाय, सवय जात नाही. तिने संगणकावर शोधाशोध केली आणि एक रेकॉर्ड सापडली ती ऑक्टोबर १९१७ ची. बोस्टनचा वाद्यवृंद, संचालक कार्ल मुक, आणि रेकॉर्डिंगचं गाव कॅम्डेन. म्हणजे याच न्यू जर्सीत, लेकीच्या घरापासून गाडीने तास-सव्वा तासावर!

तेव्हापासून मला हा नाद लागला. पाश्चात्त्य संगीतातलं मला काही कळत नाही, हे आधीच कबूल करते. सिंफनी म्हणजे साधारण चार अंकी नाटक, फक्त त्यात पात्रं बोलत नाहीत, वाद्यं बोलतात, एवढीच माझी समज. आणि ऑपेरा म्हणजे त्यांचं संगीत नाटक. पण या जुन्या तबकड्यांचा इतिहास मात्र मला आपल्या घरातल्यासारखा वाटला. का, ते सांगते.

तेव्हा मायक्रोफोन नव्हता. खोलीत एक मोठा पत्र्याचा कर्णा असायचा. त्याच्या निमुळत्या टोकाला एक पातळ पडदा, पडद्याला सुई, आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड चकती. आवाजाने पडदा थरथरला की सुई मेणात नागमोडी रेघ ओढायची. वीज नाही, काही नाही. आवाजाच्या जोरावरच सगळं. त्या मेणावरून पुढे धातूचा ठसा, आणि ठशावरून तबकड्या. मेणावरची रेघ ऐकून बघावी तर ती खराब होणार. म्हणजे चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावायची.

एकट्या गवयाला हे यंत्र फार मानवलं. फ्रेड गाइसबर्ग नावाचा एक अमेरिकन तरुण ग्रामोफोन कंपनीसाठी देशोदेशी हिंडून आवाज गोळा करत होता. एप्रिल १९०२ मध्ये मिलान शहरातल्या एका हॉटेलच्या खोलीत त्याने कारुसो या इटालियन गायकाची दहा ऑपेरागीतं रेकॉर्ड केली. साथीला नुसता पियानो. त्या तबकड्यांनी कारुसोचं आणि ग्रामोफोनचं, दोघांचंही नशीब काढलं. हाच गाइसबर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात होता, गौहरजानच्या पुढे कर्णा धरून! गाणं संपल्यावर ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते ती प्रसिद्ध रेकॉर्ड आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. मिलान आणि कलकत्ता, एकच माणूस, एकच वर्ष. हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

पण शंभर माणसांचा वाद्यवृंद त्या एका कर्ण्यात कसा शिरणार? म्हणून त्यांनी काय काय युक्त्या केल्या त्या ऐका. माणसं तीस-चाळीसवर आणली. ती दाटीवाटीने कर्ण्याभोवती बसवली, आपल्याकडे लग्नाच्या फोटोला बसवतात तशी. व्हायोलिनचा नाजूक आवाज पोचेना, म्हणून लाकडी पोटाऐवजी धातूचा छोटा कर्णा बसवलेलं व्हायोलिन वापरलं. ते स्ट्रो नावाच्या गृहस्थांनी काढलेलं. डबल बास या मोठ्या तंतुवाद्याचा खर्ज यंत्राला पकडता येईना, मग त्याच्या जागी ट्यूबा हे फुंकायचं वाद्य. नगाऱ्यासारखी टिंपनी वाजली की सुई उडायची, म्हणून ती बऱ्याचदा वगळलेलीच. फ्रेंच हॉर्नचं तोंड वादकाच्या मागे असतं, त्यामुळे ते लोक कर्ण्याकडे पाठ करून बसायचे आणि संचालकाचे इशारे आरशात बघायचे! गायकाने वरचा स्वर लावला की मागे सरकायचं, खाली आला की पुढे.

या अवस्थेत आख्खी सिंफनी रेकॉर्ड करायला कोण धजणार? तुकडे निघत होते. चायकॉव्स्कीच्या 'नटक्रॅकर'मधल्या सुटीच्या चार तबकड्या १९०९ साली ओडियन कंपनीने लंडनमध्ये काढल्या. पण संपूर्ण सिंफनीचा खरा बोलबाला झाला तो नोव्हेंबर १९१३ मध्ये, आर्थर निकिश यांनी बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून बीथोव्हनची पाचवी वाजवून घेतली तेव्हा. त्याआधी दोन-तीन वर्षं फ्रीडरिश कार्क यांनीही ती पूर्ण रेकॉर्ड केली होती, पण त्यांचं नाव मागे पडलं. इतिहासात असं होतंच. पहिला कोण यापेक्षा मोठा कोण हे लोकांच्या लक्षात राहतं.

हे निकिश कोण? जन्म १८५५, हंगेरीतला. तरुणपणी व्हायोलिन वाजवायचे. १८७२ साली वॅग्नर यांनी बायरॉइटला आपल्या नाट्यगृहाची कोनशिला बसवली आणि बीथोव्हनची नववी सिंफनी सादर केली, तेव्हा निकिश त्या वादकांत होते. म्हणजे त्या आठ बाजूंमधून आपण ज्या माणसाचा हात ऐकतो, त्या माणसाने स्वतः वॅग्नरच्या हाताखाली वाजवलेलं! आपल्याकडे घराण्याची तालीम सांगतात ना, गुरूचा गुरू कोण, तसंच हे.

आता मला घरचं का वाटलं त्याचं आणखी एक कारण. या तबकड्या कशाच्या बनायच्या? लाखेच्या. दगडाची पूड, काजळी आणि आपला चपडा. सुतार पॉलिशला वापरतो तोच. आणि जगाला लाख पुरवणारा देश मुख्यतः हिंदुस्थान. छोटा नागपूरच्या रानात पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर किड्यांनी केलेली लाख आदिवासी बायाबापड्यांनी खरवडायची, ती गाळून कलकत्त्याच्या बंदरातून बोटीवर चढायची, आणि हॅनोव्हरच्या कारखान्यात तिच्यावर बीथोव्हन उमटायचा. त्या बायांनी बीथोव्हनचं नाव ऐकलं नव्हतं, आणि बर्लिनच्या श्रोत्यांना पळसाचं झाड ठाऊक नव्हतं. पण दोघांच्या मधली वस्तू एकच होती.

इतिहासाच्या बाई म्हणून मला आता मुद्द्याचं बोलायचं आहे. वर्गात मी मुलांना नेहमी सांगायचे, बखर वेगळी आणि अस्सल कागद वेगळा. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरं धुंडाळली ती अस्सल कागदासाठी. निकिश कसे होते याबद्दल लोकांनी जे लिहून ठेवलंय ती झाली बखर. तबकडी म्हणजे अस्सल कागद. पण हा कागदसुद्धा जसाच्या तसा खरा मानून चालत नाही. त्यात खर्ज ट्यूबाचा आहे. माणसं निम्मी आहेत. तबकडी संपत आली म्हणून कुठे लय वाढवली असेल, कुठे चार ओळी गाळल्या असतील. आज आपण ती जरा जास्त वेगाने फिरवली तर स्वरच चढतो. साधन अस्सल असलं तरी ते कुणी, कशासाठी, कुठल्या अडचणीत केलं हे विचारावंच लागतं.

मग त्यात खरं काय उरतं? पुष्कळ उरतं. नातीने मला तोच चायकॉव्स्की आजच्या वाद्यवृंदाचाही ऐकवला. सुरेख, स्वच्छ, धुतल्या तांदळासारखा. पण १९१७ च्या आणि नंतरच्या त्या जुन्या तबकड्यांत व्हायोलिनं एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातात, चक्क मींड घेतात! मी म्हटलं, "अगं, हे तर आपलं." ती म्हणाली, "आजी, आमच्या टीचर म्हणतात असं घसरायचं नाही." म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जी रसिकता होती ती पुढे दोष ठरली. स्वरलिपीच्या कागदावर ही गोष्ट कुठेच नीट लिहिलेली नसते. ती फक्त या खरखरीतून कळते.

त्या कार्ल मुक यांची गोष्ट अर्धी राहिली. कॅम्डेनला रेकॉर्डिंग झालं तेव्हा अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरलेली होती. त्याच महिन्याच्या शेवटी बोस्टनच्या वाद्यवृंदाने एका मैफलीत अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं नाही म्हणून वर्तमानपत्रांनी मुकवर काहूर उठवलं. मार्च १९१८ मध्ये त्यांना अटक झाली, जॉर्जियातल्या छावणीत ठेवलं, आणि १९१९ साली देशाबाहेर काढलं. नातीच्या शाळेतला तो उत्साही शेवट ऐकताना मला आता ते आठवतं. वाजवणाऱ्यांना तेव्हा पुढचं काहीच माहीत नव्हतं.

मुक पुढे जर्मनीत राहिले. १९२७ आणि १९२८ साली त्यांनी वॅग्नरच्या 'पार्सिफाल' या ऑपेरातले मोठमोठे भाग रेकॉर्ड केले. त्यातले १९२७ चे प्रत्यक्ष बायरॉइटच्या नाट्यगृहातले आहेत. तोवर १९२५ साली वीज आणि मायक्रोफोन आले होते. त्याच वर्षी जुलैत लँडन रोनाल्ड यांनी इंग्लंडमध्ये चायकॉव्स्कीची हीच चौथी सिंफनी मायक्रोफोनवर पूर्ण रेकॉर्ड केली. डबल बासला आपली जागा परत मिळाली, टिंपनी घरी आली. 'पार्सिफाल'मध्ये मंदिराच्या घंटा वाजतात. बायरॉइटच्या त्या खास घंटा दुसऱ्या महायुद्धात वितळवल्या गेल्या. आज त्यांचा नाद आहे तो फक्त मुकच्या तबकड्यांत.

मायक्रोफोन येण्याच्या जेमतेम आधी, १९२४ मध्ये, बर्लिनला ऑस्कर फ्रीड यांनी एक अचाट काम केलं. माहलर यांची दुसरी सिंफनी, दोन गायिका, समूहगायन, घंटा, पडद्यामागची वाद्यं असा सगळा संसार त्यांनी कर्ण्यात कोंबला. अकरा तबकड्या, बावीस बाजू. शहाणपणाने विचार केला तर हे करायलाच नको होतं. पण फ्रीड यांनी १९०५ साली हीच सिंफनी खुद्द माहलर यांच्यासमोर सादर केली होती. माहलर १९११ मध्ये वारले, त्यांच्या वाद्यवृंद-संचालनाची एकही तबकडी नाही. मला वाटतं फ्रीडना चांगलं यंत्र येईपर्यंत थांबायचं नव्हतं. चांगलं यंत्र वर्षभरात आलंही. पण ती सिंफनी पूर्ण रेकॉर्ड करायची संधी फ्रीडना पुन्हा मिळाली नाही. ज्यू आणि समाजवादी, त्यामुळे १९३४ साली जर्मनी सोडून सोव्हिएत रशियात गेले आणि १९४१ मध्ये तिथेच वारले.

आणि आता शेवटची तबकडी. १६ जानेवारी १९३८, व्हिएन्ना. माहलर यांचे शिष्य आणि मदतनीस ब्रुनो वॉल्टर व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून गुरूची नववी सिंफनी वाजवून घेत आहेत. माहलरना स्वतःला ही ऐकायला मिळाली नव्हती. त्यांच्या मृत्यूनंतर १९१२ साली ती जगापुढे पहिल्यांदा आणली तीही वॉल्टर यांनीच. त्या दिवशी मैफल चालू असतानाच रेकॉर्डिंग झालं, आणि ते करायला कोण आलं होतं? आपले गाइसबर्गसाहेब! कलकत्त्यानंतर छत्तीस वर्षांनी. वीस बाजू भरल्या. पहिला व्हायोलिनवादक होता आर्नोल्ड रोझे, माहलर यांचा मेहुणा, १८८१ पासून त्याच खुर्चीवर बसणारा.

दोन महिन्यांत, मार्च १९३८ मध्ये, हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. वॉल्टर तेव्हा परदेशात होते, ते परतले नाहीत. तबकड्यांचे नमुने गाइसबर्गने त्यांना पॅरिसमध्ये नेऊन ऐकवले. सत्तावन्न वर्षं वाजवून रोझेंची खुर्ची गेली. ते लंडनला गेले आणि १९४६ साली तिथेच वारले. त्यांची मुलगी आल्मा, तीही व्हायोलिनवादक, आउशविट्झच्या छळछावणीत कैदी स्त्रियांचा वाद्यवृंद चालवता चालवता १९४४ मध्ये मेली. त्या वाद्यवृंदातले पाच वादक छळछावण्यांत संपले.

मी ही सिंफनी रात्री हेडफोन लावून तीनदा ऐकली. सगळी मिळून सत्तर मिनिटं. वॉल्टर यांनीच १९६१ साली अमेरिकेत ती पुन्हा रेकॉर्ड केली, ती ऐंशीच्या वर जाते. १९३८ ची घाईची आहे, कुठे कुठे वादक चुकतात असं जाणकार म्हणतात. मला चुका कळत नाहीत. मला खोकला ऐकू येतो. जानेवारीची थंडी, भरलेलं सभागृह, आणि सगळं अगदी हळू होत जातं तेव्हा मागे कुणीतरी खोकतं. तो कोण होता, पुढे त्याचं काय झालं, वाचला का? सिंफनीचा कागद छापलेला आहे, ती आज कुणीही वाजवू शकतं. पण तो खोकला दुसरीकडे कुठे नाही.

हे सगळं मी का सांगतेय ते नातेवाईकांच्या आता लक्षात आलं असेल. दादाची कॅसेट. १९८६ च्या गणपतीत मी दादाचे अभंग टेप केले होते, ओसरीवर, तंबोऱ्यासकट. पुढच्याच वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनाला कोरी कॅसेट मिळेना, म्हणून मीच त्यावर मुलांचा कार्यक्रम टेप केला. दोष कुणाचा नाही, माझाच. दादा हसून म्हणाला होता, "अगं, पुन्हा गाऊ की." दोन वर्षांत तो गेला. पुन्हा गाणं राहूनच गेलं. या गोष्टीवर मी चार माणसांत कधी बोलले नाही.

अमेरिकेहून आल्यावर माळा आवरताना ती कॅसेट सापडली. पुतण्याने जुन्या बाजारातून टेपरेकॉर्डर पैदा केला. मी म्हटलं, त्यावर काही नाही रे, आमचं संमेलन आहे. तो म्हणाला, "असू दे आत्या, शेवटपर्यंत लावू." स्वागतगीत, नाटुकली, बक्षीस समारंभ, मुख्याध्यापकांचं न संपणारं भाषण. टाळ्या. मग खट् असा आवाज, आणि थोडी खरखर. मी उठायच्या बेतात होते.

संमेलनाचा कार्यक्रम कॅसेटच्या बाजूपेक्षा छोटा होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शेवटची चार मिनिटं जुनीच राहिली होती. अर्ध्यातून सुरू झालेली अभंगाची शेवटची ओळ, मागे तंबोरा, आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज. मग दादा खोकतो आणि म्हणतो, "बंद कर आता, पुरे."

पुतण्याने वडिलांचा आवाज एवढ्या वर्षांनी ऐकला. आम्ही दोघंही काही बोललो नाही. तो फाइल करून सगळ्यांना पाठवणार आहे. ज्यांच्याकडे जुन्या कॅसेट आहेत त्यांनी एवढंच करा, शेवटपर्यंत ऐका, आणि त्यावर काही नवीन टेप करू नका.

असो. गुडघा बोलायला लागला. पुढच्या वेळी भेटू.